पावसाळ्यात टाके घाला, थंडीत स्वेटर घाला

नोव्हेंबरात पहाटेचा गार वारा सुटला की लोकरीच्या दुकानात गर्दी होते. हौसेने दहा गुंडे घरी येतात, पाठ विणून होते, पुढचा भाग अर्ध्यावर येतो आणि तोवर महाशिवरात्र उजाडते. आपल्याकडची थंडी निफाड-नाशिककडे किंवा विदर्भात तरी दोन-अडीच महिने टिकते. मुंबई-कोकणात ती जेमतेम जाणवते. त्यामुळे विणायचा ऋतू आणि घालायचा ऋतू वेगळे धरले, तरच विणलेलं अंगावर चढतं. मी गेली कित्येक वर्षं याच हिशोबाने विणते आहे आणि तोच इथे सविस्तर मांडते आहे. सुलट आणि उलट टाका येत असेल, टाके घालता, वाढवता, कमी करता आणि बंद करता येत असतील, तर यातलं सगळं जमेल.

आधी वेळेचं गणित पाहू. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये साठ हजारांच्या आसपास टाके असतात. सराव असलेला हात मिनिटाला पंचवीसेक टाके घालतो, म्हणजे नुसत्या विणण्याचे चाळीस तास झाले. रोज जेवणानंतर एक तास मिळाला तर चाळीस दिवस, वर उसवणं, शिवणं, पाहुणे, सणवार. तेव्हा दोन-अडीच महिने हवेतच. दिवाळीच्या पहाटे स्वेटर घालायचा असेल, तर श्रावण लागायच्या आत टाके सुईवर पाहिजेत.

लोकर आणि सुया

दुकानात आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम धागा. तो स्वस्त असतो, मशीनमध्ये धुता येतो, त्याला कसर लागत नाही. मेंढीची लोकर जास्त ऊबदार, पण जपावी लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी उत्तम होते, पण अंगाला लागून घालायच्या कपड्याला ती टोचते. स्वेटरसाठी मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर किंवा लोकर-अॅक्रिलिक मिश्रण बरं. मुंबईत राहणाऱ्यांनी लोकरीच्या मागे न लागता सुती धाग्याचा हाफ जॅकेट विणावा. तिथल्या थंडीला तेवढा पुरतो.

गुंड्यावर लिहिलेल्या ‘चार प्लाय’वर जाडी ठरवू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले आहेत एवढंच. पदर बारीक असतील तर चार प्लायची लोकरही बारीक भरते. त्यापेक्षा पट्टीवर एक इंच मोजून त्यावर दोरा ओढून न ताणता शेजारी शेजारी गुंडाळा. बारा ते चौदा वेढे बसले, तर ती मध्यम जाडीची लोकर. खाली दिलेली सगळी मापं तिचीच आहेत.

सुयांच्या नंबरात नवखी माणसं हमखास फसतात. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटर, ८ नंबरची ४ मिलिमीटर. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी. लेकीने तिकडून ८ नंबरच्या सुया पाठवल्या, तर त्या ५ मिलिमीटरच्या निघतील आणि त्यांवर विणलेला स्वेटर दोघांना पुरेल. व्हिडिओ पाहून विणत असाल तर नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

आणखी एक गोष्ट मी स्वतः भोगली आहे. भाच्याच्या स्वेटरसाठी एका दुकानातून निळ्या लोकरीचे चार गुंडे आणले. बाही विणताना लोकर कमी पडली म्हणून महिन्याने त्याच रंगाचे आणखी दोन आणले. दिव्याखाली रंग अगदी एकसारखा दिसत होता. उन्हात नेल्यावर कोपरापासून खाली बाही वेगळीच दिसली, पट्टा मारल्यासारखी. प्रत्येक गुंड्याच्या कागदावर रंगाचा लॉट नंबर छापलेला असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तीचाच घ्या. विकत घेतलेल्या प्रत्येक लॉटचा एक कागद जपून ठेवा.

नमुना विणल्याशिवाय टाके घालायचे नाहीत

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची. ८ नंबरच्या सुईवर ३० टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं बारा सेंटीमीटर विणा. टाके बंद करा, तुकडा धुवा, सपाट वाळवा. मग कडा सोडून मधोमध पट्टी ठेवून दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा.

माझ्या हाताला २२ टाके, ३० ओळी बसतात. छाती ९२ सेंटीमीटर असेल, तर आतल्या सदऱ्यासाठी ८ सेंटीमीटर सैल धरून घेर १०० होतो. म्हणजे २२० टाके, पाठीला ११० आणि शिवणीचे २. आता तुमचा हात थोडा सैल असेल आणि दहा सेंटीमीटरला २० टाकेच बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटीमीटर घेर देतील. नमुन्यातल्या दोन टाक्यांनी अख्खा स्वेटर दहा सेंटीमीटर वाढू शकतो. टाके कमी बसले तर एक नंबर बारीक सुई घ्या, जास्त बसले तर एक नंबर जाड. हात आवळून किंवा सैल सोडून माप जमवू नका. दोन दिवसांनी हात मूळ सवयीवर येतो.

आषाढ ते भाद्रपद: मोठा स्वेटर

पावसाळा विणायला सुखाचा. घाम कमी, संध्याकाळी बाहेर जाणं कमी. फक्त लोकर जमिनीवर ठेवू नका. ओल धरते आणि कुबट वास येतो. झाकणाच्या डब्यात गुंडा ठेवून झाकणाला भोक पाडून दोरा बाहेर काढला, तर गुंडा पळतही नाही.

वरच्या मापाचा सरळ मुंढ्याचा स्वेटर असा विणतात. मुंढा म्हणजे बाही जोडायची जागा. लोकर साधारण ५०० ग्रॅम.

पाठ आधी घ्या. तिला पुढचा गळा नसतो, हात बसतो. १० नंबरच्या सुईवर १०२ टाके घाला आणि दोन सुलट, दोन उलट अशी ६ सेंटीमीटर बॉर्डर विणा. ८ नंबरची सुई घेऊन पहिल्या सुलट ओळीत सारख्या अंतरावर १० टाके वाढवा, म्हणजे ११२ होतील. खालपासून ४० सेंटीमीटर झालं की मुंढ्यासाठी पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ६-६ टाके बंद करा. उरलेल्या १०० टाक्यांवर २२ सेंटीमीटर सरळ विणा. मग ३२ खांद्याचे, ३६ गळ्याचे, ३२ खांद्याचे असे बंद करा.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत अगदी तसाच. मुंढ्यापासून १५ सेंटीमीटर वर आलात की मधले २० टाके बंद करा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणा. गळ्याच्या बाजूला एकाआड एक ओळीत एक टाका, असे आठ वेळा कमी करा. खांद्याचे ३२ उरतात. ते पाठीच्या उंचीइतके नेऊन बंद करा. दोन्ही खांद्यांच्या ओळी मोजून सारख्या करा, टेपने नको. विणलेलं कापड टेपखाली ताणलं जातं, ओळी बदलत नाहीत.

बाहीला १० नंबरच्या सुईवर ५० टाके, ६ सेंटीमीटर बॉर्डर. मग ८ नंबरच्या सुईवर दर चौथ्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवा, असं २४ वेळा केलं की ९८ टाके होतात. एकूण ४६ सेंटीमीटरवर सैल हाताने बंद करा. दोन्ही बाह्या शक्यतो पाठोपाठ विणा. मध्ये महिना गेला की एक घट्ट, एक सैल होते.

जोडताना आधी एक खांदा शिवा, गळ्याभोवती साधारण ९० टाके उचलून १० नंबरच्या सुईवर अडीच सेंटीमीटर बॉर्डर विणा आणि ती फार सैल बंद करा. डोकं गळ्यातून जात नाही म्हणून पुरा झालेला स्वेटर उसवावा लागलेले लोक मला माहीत आहेत. मग दुसरा खांदा, बाह्या, शेवटी काखेपासून खाली आणि बाहीच्या लांबीने शिवण. बाहीची शेवटची अडीचेक सेंटीमीटर मुंढ्याच्या खाचेत बसतात.

आश्विन-कार्तिक: आठवड्यात होणारी टोपी

स्वेटर उरकला असेल किंवा उशीर झाला असेल, तर ऑक्टोबरात टोपी घ्या. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना हीच लागते. १०० ग्रॅम लोकरीत होऊन उरते.

१० नंबरच्या सुईवर ११४ टाके, दोन सुलट दोन उलट अशा १४ ओळी. ८ नंबरवर जाऊन एक ओळ सुलट, एक उलट. एकूण उंची १४ सेंटीमीटर झाली की सुलट ओळीत घट सुरू करा: पहिला टाका सुलट, मग १२ सुलट आणि २ टाके एकत्र, असं आठ वेळा, शेवटचा टाका सुलट. उलट बाजूची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीत ११ सुलट आणि २ एकत्र, नंतर १०, असं १ सुलट आणि २ एकत्र येईपर्यंत. सुईवर १८ टाके उरतात. हातभर दोरा ठेवून कापा, शिवायच्या सुईत ओवून त्या टाक्यांतून काढा, आवळा आणि त्याच दोऱ्याने खालपर्यंत शिवण घाला. माथ्यावर आठ पाकळ्यांचं फूल उमटतं.

पौष: संक्रांतीची काळी बंडी

हे माझं सर्वांत आवडतं विणकाम. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळे कपडे, हलव्याचे दागिने आणि मग रथसप्तमीपर्यंत कधीतरी बोरन्हाण. बोरं, चुरमुरे, हरभरे डोक्यावरून ओतायचे आणि पोरांनी वेचायचे. त्या दिवशी अंगात हाताने विणलेली काळी बंडी असली की फोटोही खुलतो आणि जानेवारीची थंडीही भागते.

काळ्या लोकरीची अडचण एकच. रात्री टाका दिसत नाही. आईने शिकवलेली युक्ती सांगते. मांडीवर पांढरा पंचा पसरायचा. सुईखालून पांढरं दिसलं की प्रत्येक टाक्याची कड उठते. सुया फिक्या रंगाच्या लाकडी किंवा बांबूच्या घ्या. आणि वीण अशी घ्यायची की ती बोटांनी मोजता यावी. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींचा मिळून एक आडवा वळ उठतो. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी वळ मोजता येतात. म्हणून खालची सगळी मापं वळांत देते. वीण भरीव ठेवण्याला आणखी कारणं आहेत. जाळीच्या भोकात बाळाची बोटं अडकतात आणि काटेरी हलवाही.

सहा ते नऊ महिन्यांच्या बाळासाठी १०० ग्रॅम मऊ लोकर, ८ नंबरच्या सुया. सुरुवात पाठीच्या खालच्या काठापासून. तिथून खांद्यांवरून पुढे उतरायचं. अख्खी बंडी एकाच तुकड्यात होते.

५२ टाके घालून ३० वळ विणा. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ४-४ टाके बंद करा, ४४ उरतील. आणखी २२ वळ. आता १३ टाके विणा, मधले १८ बंद करा, उरलेले १३ विणा. पहिले १३ मोठ्या सेफ्टी पिनेवर अडकवून ठेवा.

सुईवरच्या १३ टाक्यांवर ६ वळ विणा. गळ्याच्या बाजूने ओळ सुरू होताना ९ नवे टाके घाला, २२ झाले. १६ वळ विणा. आता मुंढ्याच्या बाजूने ओळ सुरू होताना ४ नवे टाके घाला, २६ झाले. ३० वळ विणून बंद करा. पिनेवरची दुसरी बाजू हीच, आरशात पाहिल्यासारखी. बंडी मधोमध दुमडली की पुढचे दोन भाग पाठीवर बरोबर बसतात. फक्त काखेखालच्या दोन शिवणी उरतात. पुढे बांधायला तीन आखूड बंद लावा. बटणं नकोत, या वयात सगळं तोंडात जातं. बंदही बोटभरच ठेवा आणि गळ्याशी बांधू नका.

बाळाच्या विणलेल्या कपड्यांबाबत दोन गोष्टी कळकळीने सांगते. अॅक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. बाळाला शेक-धुरी द्यायची पद्धत घरात असेल, तर त्या वेळी अंगात सुतीच कपडे असू देत. आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी किंवा अंगावर सैल दुपटं ठेवू नका. डोकं तापतं, तोंडावर पांघरूण येतं. टोपडं घराबाहेर नेताना.

माघ-फाल्गुन: धुणं आणि ठेवणं

मळलेले कपडे तसेच ठेवले की कसर त्या डागांवरच आधी येते. म्हणून होळीच्या आत सगळं धुवा. खऱ्या लोकरीला गार पाणी आणि सौम्य साबण. चोळायचं नाही, पिळायचं नाही. जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि चादरीवर सावलीत सपाट वाळवायचं. दोरीवर टांगलं की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. अॅक्रिलिकला गरम इस्त्री कधीच लावू नका. वीण चपटी होते, तिचा लवचीकपणा जातो आणि तो परत येत नाही.

ठेवताना सुती पिशवी, सोबत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, आणि अधूनमधून ऊन. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत अजिबात ठेवू नका. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ चढते. कोणत्या बाळाला तो त्रास होईल हे वरून ओळखू येत नाही. जुने कपडे गोळ्यांतून काढलेले असतील, तर धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवूनच बाळाच्या अंगावर घाला.

चैत्र ते ज्येष्ठ: सुती धागा

उन्हाळ्यात मांडीवर लोकर नको वाटते, घामाने अॅल्युमिनियमच्या सुया अडतात. बांबूच्या सुया आणि सुती धागा काढा. ओट्यावर लागणारा पुसायचा चौकोन यासाठी उत्तम, आणि नव्याने शिकणाऱ्या नातवंडांनाही तोच द्या. सुट्टीच्या दोन दुपारी पुरतात.

जरा जाड सुती धागा, ७ नंबरच्या म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या सुया. ४ टाके घाला, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळीत २ सुलट, दोरा पुढे घेऊन एक जाळीचा टाका, उरलेले सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. ६० झाले की परतीचा प्रवास: १ सुलट, २ एकत्र, दोरा पुढे, २ एकत्र, उरलेले सुलट. ४ उरले की बंद करा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत विणलेला, कडेला जाळीची नक्षी असलेला चौकोन तयार. सूत लोकरीसारखं ताणत नाही, त्यामुळे बोटं दुखतात. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा.

उरलेले गुंडे आवरताना प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घाला: कोणासाठी, कोणत्या सुया, किती टाके, काय बदललं. मागच्या वर्षी कपाट आवरताना मला अशीच एक सापडली. ‘काळी बंडी. १० नंबर. ५८ टाके. गळा २ टाके मोठा घेतला, छान बसला.’ त्या बाळाला आता भाऊ होणार आहे. लोकर आणली आहे आणि पांढरा पंचा धुऊन ठेवला आहे.